आई, मी वाटेत पाणी प्यायले

आई, मी हिमालयात जाऊन आले. सहलीला नव्हे. मनालीच्या वर सतरा हजार फुटांचं एक बर्फाचं शिखर आहे, त्याच्या माथ्यावर उभी राहून आले. कमरेला दोर, हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड, बुटांखाली बांधलेले लोखंडी दात, डोक्यावर हेल्मेट. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, "ही कुठली वरात?" परत येऊन आठवडा झाला. ऑफिस सुरू झालं, कंपनीची बस पुन्हा हिंजवडीच्या चौकात अडकायला लागली, आणि त्या अडकलेल्या बसमध्ये मला एकटीलाच हसू येतं. शेजारी बसणारी मुलगी परवा म्हणाली, "तुझं कुठेतरी जमलंय." म्हटलं, हो, पण तो बर्फ आहे. तिला काही कळलं नाही. मलाही नीट सांगता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते आणि पर्वतीच्या पायऱ्यासुद्धा दोनदा बसून चढत होते.

मी गेले हेच तुला आधी पटायचं नाही. गॅस बंद केला का हे बघायला दोन जिने परत चढणारी मुलगी मी. नोकरीही मला तशीच मिळाली आहे. इतरांनी तयार केलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी ते कुठे मोडेल हे शोधून काढायचं, म्हणजे काळजी करायचा पगार. कर्वेनगरात एक ताई राहतात. पंचेचाळिशीच्या असतील, केस पोरासारखे कापलेले. दरवर्षी त्या दहा-बारा जणांना उंच डोंगरावर घेऊन जातात, आणि अट एकच, की माणूस पहिल्यांदाच जाणारा हवा. त्यांच्या माहितीच्या बैठकीला मी सलग दोन वर्षं जाऊन परत आले. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा हात वर करून विचारायला लागले की दोर तुटला तर, तंबू उडाला तर, रस्ता बंद झाला तर. ताई म्हणाल्या, "तू येणार आहेस की माझी तोंडी परीक्षा घेणार आहेस?" सगळे हसले. मला इतकी लाज वाटली की मी नाव दिलं.

मग तीन महिने दर रविवारी सिंहगड. पाठीवरच्या सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालायच्या, वर न्यायच्या आणि गुडघे वाचावेत म्हणून वर रिकाम्या करून उतरायचं. बाकीचे चढताना त्यातलंच पाणी पीत. मी सगळ्या बाटल्या जशाच्या तशा वर नेई आणि एका करवंदीच्या जाळीत ओतून देई. एकदा ताईंनी ते बघितलं. म्हणाल्या, "जाळी तुझ्या उपकाराखाली आहे. तुझं काय?" मी म्हटलं, मला तहान लागत नाही. ते खोटं नव्हतं, आई. मला खरंच लागत नव्हती. तू मला इतकं पक्कं शिकवलं होतंस की घराचं दार ओढून घेतलं की माझी तहान आपोआप आतच राहायची.

मला बालवाडीत घातलं नव्हतंस. पहिलीत जायच्या आधीचं माझं सगळं शिक्षण तुझ्याकडे, आणि तुझी शाळा म्हणजे बसची खिडकी. तू शहराच्या बसवर कंडक्टर. बायका त्या कामावर नुकत्याच दिसायला लागल्या होत्या आणि लोक तिकिटापेक्षा तुझ्याकडेच जास्त बघायचे. सुट्टीच्या दिवशीही तू मला घेऊन बसमध्येच बसायचीस, आणि मी दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. 'क' कापडाचा नव्हे, कटलरीचा. 'ज्ञ' कुठेच सापडेना, शेवटी एका क्लासच्या पाटीवर सापडला तेव्हा तू मला आणखी एक फेरी मारून तो पुन्हा दाखवलास. उरलेल्या तिकिटांच्या पाठीवर बेरजा. आणि घंटीची दोरी, तिच्या खाली उभी राहून मी तुझा नियम पाठ केला होता. एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला. म्हातारं माणूस असेल तर एक घंटी जरा आधीच. पोर ओकायला लागलं तर लगेच. ड्रायव्हर तुझ्या हातावर चालायचा. आख्खी बस तू कुणासाठीही थांबवायचीस.

उसाच्या रसाचा दिवस तुला आठवत असेल. मी दुसरी-तिसरीत असेन. तुझी सुट्टी होती, तू साडी नेसली होतीस, आणि मी हट्ट करून दोन ग्लास रस प्यायले. सदाशिव पेठेत बस वळली आणि मी तुझा पदर ओढला. "आता?" तू विचारलंस. मी मान हलवली. "निघताना विचारलं होतं ना मी?" मी पुन्हा मान हलवली. तू मला खाली उतरवलंस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेकदा बघितलंस आणि सरळ समोरच्या मंगल कार्यालयात घुसलीस. दारात एक बाई गुलाबपाणी शिंपडत होत्या. त्यांनी आपल्या दोघींवर शिंपडलं आणि विचारलं, "मुलीकडच्या का?" तू म्हणालीस, "शेजारच्या," आणि मला ओढत मागे मोरीकडे नेलंस. परत येताना मला वाटलं आता पळायचं. पण तू खुर्चीवर बसलीस. हातात अक्षता घेतल्यास. मंगलाष्टकं संपेपर्यंत आपण बसलो, ओळखपाळख नसलेल्या त्या जोडप्यावर तू नेमानं अक्षता टाकल्यास, आणि "जेवून जा हो" म्हणणाऱ्या आजीबाईंना हात जोडून बाहेर पडलीस. बाहेर मी विचारलं, आपण शेजारचे कुठे आहोत? तू म्हणालीस, "स्टॉप शेजारीच आहे. खोटं कुठे बोलले? आणि जागा वापरली, तिचे आशीर्वाद देऊन फेडले. जेवलो असतो तर मात्र चोरी झाली असती."

मग ओरडलीस. रस्त्यात, हळू आवाजात, दात आवळून, जशी तू नेहमी ओरडायचीस. "बाहेर पडायचं असेल तर पाणी नाही, रस नाही, चहा असलाच तर अर्धा कप. बाईमाणसाचा प्रवास कोरडाच असतो. आज साडीत होते म्हणून निभावलं. खाकीत मला कोण लग्नात घेणार आहे?" त्या दिवशी मला कळलं की तुझ्या डोक्यात या शहराचा दुसराच एक नकाशा आहे. कुठल्या दवाखान्यात पेशंट बघायला आल्यासारखं शिरता येतं, कुठल्या शाळेचा शिपाई भला आहे, कुठल्या पेठेत लग्नसराईत सोय होते आणि पितृपंधरवड्यात होत नाही. आणि खाकी चढवली की त्या नकाशावरचं एकही ठिकाण तुझं नाही. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून मोकळा होऊन यायचा, आणि तू तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन त्याच्या परतण्याची वाट बघायचीस.

तू घरी यायचीस तेव्हाचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आत्ताही दिसतंय. तू चप्पल काढतेस, बोलत नाहीस, खाकी शर्ट अंगात तसाच, आणि माठाशी उभी राहतेस. एक तांब्या. दुसरा. घोट उतरल्याचा आवाज मला दाराशी ऐकू येतो. मी अभ्यासाचं पुस्तक धरून उभी आहे आणि तुझं पिऊन व्हायची वाट बघते आहे, कारण त्याच्या आधी तू माझी आई नसतेस. एकदा तू तोंड पुसत हसलीस आणि म्हणालीस, "आपल्या माणसांनी पाण्यासाठी तळ्यापर्यंत मोर्चा नेला, आणि मी बघ, बाटली शेजारी ठेवून दिवस काढते." बाबा म्हणाले, "मग पीत जा की." तू म्हणालीस, "प्यायचा हक्क मिळाला हो. पुढचा अजून मिळायचाय." पुढे तुझं दुखणं सुरू झालं, लघवीची जळजळ, ताप, मग मूत्रपिंडं. डॉक्टर प्रत्येक वेळी पाणी प्या म्हणायचे. त्यामुळेच झालं असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत, आणि जे कुणी म्हटलं नाही ते मीही लिहिणार नाही. पण तुझा नियम मी सोडला नाही. ऑफिसात आता प्रत्येक मजल्यावर चकाचक सोय आहे, आरसे आहेत, हात वाळवायचं यंत्र आहे. तरी बसमध्ये बसायच्या तासभर आधी मी पाणी बंद करते. चुकून नव्हे, तुझ्या आठवणीनंही नव्हे. अशीच मी घडले आहे.

तर आता डोंगर. आम्ही बारा जण. त्यांतली तिघं माझ्या दोरावरची, तेवढ्यांचंच तुला सांगते. एक ताई. एक माझी तंबूतली जोडीदारीण, पुण्याच्या कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुस्लिम घरातली, शाळेत विज्ञान शिकवते आणि झोपेतसुद्धा बोलते. आणि एक काका, पंचावन्न उलटलेले, सदाशिव पेठेत गणिताचे क्लास घेणारे. काका का आले होते माहीत आहे? त्यांच्या बायकोनं म्हटलं होतं, तुमच्यानं होणार नाही. "हे वाक्य तिनं सव्वीस वर्षं जपून वापरलंय," ते म्हणाले, "या वेळी जरा घाई केली."

मनालीहून चालत निघालो तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, पण तसं झालं नाही. देवदार संपले, मग भूर्जाची झाडं आली, मग तीही संपली आणि नुसतं गवत उरलं, आणि गवताच्या वर एकदम, कुणी पडदा ओढावा तसा, बर्फ. मी थांबून बघत राहिले. काका मागून येऊन म्हणाले, "पुढे चला, हे अजून चार दिवस इथेच आहे." त्या गवतावर आमचा तळ पडला. दुसऱ्या दिवसापासून बर्फावरचे धडे. घसरलं तर पोटावर वळून कुऱ्हाड कशी रोवायची, लोखंडी दातांनी बदकासारखं कसं चालायचं, दोरावर दोघांतलं अंतर कसं राखायचं. आई, ताई मुद्दाम घसरायला लावतात. उतारावर बसवतात आणि ढकलतात. मी डोळे मिटून घसरले, वळले, कुऱ्हाड रोवली आणि थांबले. बर्फात तोंड खुपसलेली मी मोठ्यानं हसत होते. जोडीदारीण वरून ओरडली, "यार, ही रडतेय का?" ताई म्हणाल्या, "नाही, शिकतेय."

आणि रोज सकाळी जेवणाच्या तंबूत ताईंचा एक प्रश्न असायचा. चहाच्या आधी, सगळ्यांसमोर. "रंग?" म्हणजे लघवीचा. उंचीवर शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं, हवा कोरडी, धाप सतत, म्हणून दिवसभर पीत राहावं लागतं. आणि पुरेसं प्यायलं की नाही ते रंगावरून कळतं. पहिल्या दिवशी सगळे पुणेकर टोपात बघत बसले. मग काका खाकरून म्हणाले, "लिंबू सरबत." पुढचा म्हणाला, "पाणी घातलेलं." जोडीदारीण म्हणाली, "सूर्यफुलाचं तेल, रिफाइंड." आख्खा तंबू लोळला. माझी पाळी आली आणि मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "मोहरीचं." कुणी हसलं नाही. ताईंनी विचारलं, "कालपासून किती प्यायलीस?" म्हटलं, चहा. "आणि?" अर्धा कप, म्हणजे तोच चहा. ताईंनी बाटली माझ्यापुढे सरकवली. मी ती घेतली, दोन घोट प्यायले आणि झाकण लावलं. मला वाटलं, सगळे लोक, उघडा डोंगर, शौचासाठी लावलेला एक चिमुकला तंबू आणि त्याच्या बाहेर रांग. नको. सवयीनं होईल तेवढं होईल.

झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डोकं कुणी पाट्यावर वाटल्यासारखं. बुटांची नाडी बांधायला वाकले आणि ओकले. त्या दिवशी बाकीचे सामान घेऊन वरच्या तळापर्यंत जाऊन परत येणार होते. ताईंनी त्यांना हिमाचली गाइडबरोबर पाठवलं आणि स्वतः माझ्यासाठी मागे राहिल्या. माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "हे उंचीमुळे आहे की पाण्यामुळे, मला सांगता येत नाही. तुला पाणी देता येतं, उंची कमी करता येते. आधी पाणी. उद्या सकाळी डोकं हलकं असेल तर तू आमच्याबरोबर वर येशील. नसेल तर गाइडबरोबर खाली, मनालीला. इथे थांबायचंही नाही. आणि मी ऐकणार नाही, रडलीस तरी."

आई, मला खाली जायचं नव्हतं. आयुष्यात मी मागितलेल्या सगळ्या गोष्टी योग्य होत्या: मार्क, नोकरी, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ. ही पहिलीच होती जी मला नुसती हवी होती. मी बाटली उघडली आणि हातात धरून बसले. ताई म्हणाल्या, "आता काय अडलं?" मी सांगितलं. बस, खाकी, शेवटचा स्टॉप, सगळं. बाहेर असताना पाणी पीत नाही, आईनं शिकवलंय. त्या म्हणाल्या, "आई इथे आली होती कधी?" म्हटलं, नाही. ती गेली. त्यांनी बाटलीचं झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाल्या, "मग तिचा नियम शहरापुरता होता, आणि शहरात तो बरोबरच असणार. पण शहर संपून चार दिवस झाले. आता बाहेर वगैरे काही नाही. हा दिसतोय तो सगळा डोंगर तुझी मोरी आहे. पी."

मी प्यायले. मीठ-साखरेचं, लिंबाचं, सूप, कोमट, गार. प्यायचं आणि खडकामागे जायचं, परत येऊन प्यायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा उठून तीनदा मागे वळून बघितलं. समोर दरी, वर घिरट्या घालणारं एक मोठं पाखरू, आणि त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. दुपारपर्यंत मला ते आवडायला लागलं. खरं सांगते, मजा यायला लागली. एवढ्या मोठ्या जगात कुणाला न विचारता, कुणाच्या लग्नात न शिरता. संध्याकाळी जोडीदारीण वरून आली, तिला मी काय झालं ते सांगितलं. ती सॅक टाकून बसली आणि म्हणाली, "माझ्या अम्मीचं पण तेच. लांब कुठे दावत असली की सकाळपासून रोजा. आणि आम्ही समजायचो, किती धार्मिक बाई." सकाळी तंबूत ताईंनी विचारलं, "रंग?" मी म्हटलं, "लिंबू सरबत." काकांनी टाळ्या वाजवल्या. डोकं स्वच्छ होतं, आकडा वर आला होता. ताई म्हणाल्या, "बूट घाल."

शिखराच्या दिवशी अंधारातच निघालो, ते मी सांगत बसत नाही. अंधारात फक्त पुढच्याच्या टाचा दिसतात. उजाडता उजाडता आम्ही एका लांब बर्फाच्या उतारावर होतो. पुढे ताई, मग मी, मग जोडीदारीण, शेवटी काका, चौघं एका दोरावर. आणि मला लागली. प्यायले होते ना, सांगितल्याप्रमाणे, निघताना भरपूर. दोरावर एकाला थांबायचं असेल तर चौघांना थांबावं लागतं. कुणालाच बाजूला जाता येत नाही, दोर सोडता येत नाही. मी धरून चालले. एक वळण, दुसरं वळण. पायांकडे लक्ष लागेना, एकदा लोखंडी दात दुसऱ्या पायाच्या कापडात अडकला आणि मी हेलपाटले. तेव्हा मला तुझा हात दिसला, दोरीवरचा. एवढ्या वर्षांत तू किती जणांसाठी एक घंटी दिली असशील, आणि स्वतःसाठी एकदाही नाही. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला. "थांबा. मला जायचंय."

ताई थांबल्या. वळल्या नाहीत, विचारलं नाही, अर्धा तास थांब म्हणाल्या नाहीत. कुऱ्हाड दांड्यापर्यंत बर्फात रोवली, दोर तिला गुंडाळला आणि म्हणाल्या, "कमरेचा पट्टा सोडू नकोस, मांड्यांचे मागचे दोनच सोड. काका, दरीकडे बघा." काका दरीकडे वळले. जोडीदारणीनं आपलं जाकीट पसरून धरलं. मी त्या उतारावर बसले, आणि काकांना बहुधा शांतता सहन होईना, किंवा मला आवाजाची लाज वाटू नये म्हणून असेल, ते मोठमोठ्यानं बोलायला लागले, "काय हो ताई, समोर ते त्रिकोणी दिसतंय ते शिखर कुठलं? आणि त्याच्या डावीकडचं? हा कोन साधारण साठ अंशांचा असावा." ताई म्हणाल्या, "काका, भूमिती पुरे." मी उठले, पट्टे लावले, ताईंनी मागे येऊन ते तपासले. मी म्हटलं, सॉरी. तेव्हा काका दरीकडे तोंड करूनच म्हणाले, "सॉरी कसलं. मी पाऊण तासापासून धरून चाललोय. बायकांसमोर कसं सांगायचं म्हणून. आता तुम्ही सगळ्या जरा डोंगराकडे बघा." आम्ही तिघी डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिलो आणि इतक्या हसलो की दोर हलायला लागला. आणि तेवढ्यात ऊन आलं. वरून खाली आलं, शिखरावरून उतरत उतरत आमच्या बुटांपर्यंत, आणि सगळा उतार गुलाबी झाला.

मग मी चालले नाही, आई, मला कुणीतरी वर ओढत होतं. पाय माझेच, धाप माझीच, पण काळजी कुठे गेली होती कोण जाणे. दर चार पावलांना थांबायचं, श्वास घ्यायचा आणि हसायचं. शेवटचा चढ उभा होता, कुऱ्हाड मारायची, पाय रोवायचा, कुऱ्हाड मारायची. आणि मग पुढे चढच नव्हता. माथा आपल्या जुन्या खोलीएवढा. सगळीकडे डोंगरच डोंगर, एकामागे एक, आणि बऱ्याच ठिकाणी आपण त्यांच्यापेक्षा वर. जोडीदारीण रडत होती आणि रडता रडता बोलतही होती. काका फोन उंच धरून रेंज शोधत होते, बायकोला कळवायला. ताई माझ्या दोराची गाठ बघत म्हणाल्या, "कशी आहेस?" मी म्हटलं, "तहान लागलीय." बाटली काढली आणि प्यायले. वारा इतका होता की अर्धं पाणी गालावरून गेलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहिलं. पुणे स्टेशनवर बाबा न्यायला आले होते. रिक्षात त्यांनी माझे सोललेले गाल बघितले, हात हातात घेतला आणि विचारलं, "वर गेल्यावर आईची आठवण आली का गं?" मी म्हटलं, "हो. पहिली तीच आठवली." ते बाहेर बघायला लागले. स्वारगेट येईपर्यंत बाहेरच बघत होते. घरी आल्यावर त्यांनी आत्याला फोन करून सांगितलं, वर पोचल्यावर पोरगी आईच्या आठवणीनं रडली. पौर्णिमेला विहारात तेच सांगितलं, आणि बायकांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. परवा ऑफिसात मला दोन शब्द बोलायला लावलं, तिथे मीही तेच सांगितलं. आता ते इतक्या जणांकडे गेलंय की परत घेता येत नाही.

उतारावर तू आठवलीस, ते खरं आहे. पण माथ्यावर नाही. माथ्यावर तू नव्हतीस, बाबा नव्हते, ऑफिस नव्हतं, कुणीच नव्हतं. नुसती मी होते आणि मला फार बरं वाटत होतं. मी तिथे असताना तुझी आठवण आली नाही हे दुसऱ्या दिवशी उतरताना माझ्या लक्षात आलं. मी वाट पाहिली, आता वाईट वाटेल म्हणून. खालच्या तळावर पाहिली, मनालीत पाहिली, गाडीत दोन रात्री पाहिली. वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. हे बाबांच्या हाती लागू द्यायचं नाही आणि तुला पाठवायची सोय नाही, त्यामुळे वाचणारं कुणी नाही, तेव्हा लिहूनच टाकते: मला तिथे एकटीच असायचं होतं, आणि मी होते.